‘चेंज’ या शब्दावर पाऊण तास

९ जानेवारी २००६, सोमवार

सकाळी श्रीनिवासराव दाबके येऊन गेले. चहाच्या वेळी आले, म्हणजे चहासाठीच आले. हे आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे अध्यक्ष. मंडळात त्यांनी ‘एक शब्द, एक संध्याकाळ’ अशी व्याख्यानमाला काढली आहे. एका इंग्रजी शब्दावर एकाने पाऊण तास बोलायचं. पहिल्या खेपेला एका डॉक्टरांनी ‘प्रेशर’ हा शब्द घेतला आणि शेवटी सगळ्यांचं प्रेशर फुकट तपासून दिलं. तुफान गर्दी. दुसऱ्या खेपेला एका निवृत्त बँकवाल्याने ‘बॅलन्स’ घेतला. त्याने काहीच फुकट दिलं नाही, निम्मी माणसं मध्येच उठून गेली. आता चार फेब्रुवारीला माझी पाळी. शब्द ‘चेंज’.

“सर, तुम्ही जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलंत. तुमच्या डाव्या हातचा मळ!” श्रीनिवासराव म्हणाले.

मी म्हटलं, शब्द सोपा दिसतो तेव्हाच जास्त जपावं लागतं. ते म्हणाले, “जपा, पण पाऊण तासात जपा. नंतर हॉल योगवर्गाला दिलाय.”

सुहासिनीला सांगितलं. सुहासिनी म्हणजे आमची सौभाग्यवती. ती संक्रांतीचे तीळ भाजत होती. “चेंजवर? आणि तुम्ही?” म्हणाली, आणि हातात उलथनं धरून जी हसत सुटली ती तीळ करपेपर्यंत.

यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. मी दंतमंजन बदललं नाही, चपलांचं दुकान बदललं नाही, केस कापणारा बदलला नाही (हल्ली त्याचा हात थरथरतो, तरी नाही). यावरून मी बदलाच्या विरुद्ध आहे असा निष्कर्ष काढणं अशास्त्रीय आहे. जे बदलायला हवं ते बदलावं, हेच माझं मत. आजवर तसं काही आढळलं नाही, एवढंच.

११ जानेवारी, बुधवार

कोश काढून बसलो आहे. फार वर्षांनी अंगात वीज खेळते आहे. कपडे बदलणं चेंज, गाडी बदलणं चेंज, खिशातले सुट्टे चेंज, हवापालट चेंज. एकत्र कुटुंबातल्या एकुलत्या एका सुनेसारखा हा शब्द सगळ्यांची कामं उपसतो.

मूळ शोधलं. इंग्रजीत हा फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिन ‘कांबिआरे’ म्हणजे अदलाबदल करणं, वस्तू देऊन वस्तू घेणं. जुनं जाऊन नवं येणं हा अर्थ नंतरचा. मूळचा अर्थ बाजारातला: तू मला गूळ दे, मी तुला तीळ देतो. आणि खरी गंमत पुढे आहे. आपला ‘बदल’ अरबीतून आलेला, त्याचाही मूळ अर्थ एकाच्या जागी दुसरं देणं. ‘मोबदला’ त्याच घराण्यातला! जगाच्या दोन टोकांना माणसांना तेच सुचलं. मी आनंदाने टेबलावर थाप मारली, शाई सांडली.

जेवताना सुहासिनीला हे सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, “आणि एखाद्याने घेतलं, पण बदल्यात काही दिलंच नाही, तर त्याला काय म्हणतात?”

“त्याला चोरी म्हणतात,” मी म्हटलं.

“असं होय,” म्हणाली आणि आमटी वाढली. प्रश्न चांगला होता. व्याख्यानात घ्यावा.

१५ जानेवारी, रविवार

काल संक्रांत झाली. आज घरात कोणी गोड बोलत नाही. कारण लिहून ठेवतो.

दुपारी जेवून आडवा झालो होतो. सुहासिनी भजनी मंडळात गेली होती. फोन वाजला. दुपारी दोन ते चार ही फोन करायची वेळ नव्हे, हे सदाशिव पेठेत शेंबड्या पोरालाही कळतं. उचलला. एका बाईचा आवाज, मागे स्टेशनचा गोंगाट.

“मैना आहे का?”

“इथे मैनाबिना कोणी राहत नाही. राँग नंबर,” असं म्हणून ठेवला.

परत वाजला. “अहो, नंबर तर हाच दिलाय. मैनाला म्हणावं, शकू बोलतेय...”

आता मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, “बाई, मी लग्नापासून या घरात आहे. घरात माणसं दोन. दोघांची नावं मला पाठ आहेत. त्यात मैना नाही.” तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी रिसीव्हर काढून बाजूला ठेवला आणि छान झोपलो.

संध्याकाळी सुहासिनी आली. मी तिला ही गंमत म्हणून सांगितली. ती पायातली चप्पल काढत होती, तशीच एक चप्पल पायात ठेवून उभी राहिली.

“शकू म्हणाली?”

“हो. कोण आहे ही बाई?”

“अहो,” ती म्हणाली, “मैना मी.”

तेव्हा मला आठवलं. सुहासिनी माहेरची मैना. वाईच्या सोमणांची मैना. लग्नात आपल्याकडे मुलीचं नाव बदलायची पद्धत आहे, तसं बदललं. आता इतक्या वर्षांनी हे माणसाच्या लक्षात राहणार कसं? माझ्या जागी कोणीही असतं तरी हेच झालं असतं, असं मी तिला म्हटलं. ते तिला पटलेलं दिसलं नाही.

शकू ही तिची शाळेतली मैत्रीण. इंदूरला असते. म्हणजे असायची. मुलाकडे कॅनडाला कायमची चालली होती, जाता जाता पुण्यात दोन तास उतरून हिला भेटणार होती, असं पत्र होतं, दिवस तेवढा कळवला नव्हता. एव्हाना मुंबईला विमानात बसली असेल. तिथला नंबर-पत्ता काही नाही.

रात्री जेवणात काल उरलेली गुळाची पोळी होती. माझ्या ताटात तूप नव्हतं.

१६ जानेवारी, सोमवार

आज सकाळी स्वतःहून बोलली. बोलली ते असं:

“आई गेली, बाबा गेले, दादा मागच्या वर्षी गेला. मला मैना म्हणणारी एक शकू उरली होती. तिला तुम्ही सांगितलंत, ती इथे राहत नाही. खरंच आहे म्हणा. मीच बघते, कुठे राहते ती.”

मी म्हटलं, अगं, असं नाटकी बोलू नकोस. नाव बदललं म्हणजे माणूस कुठे जातं? आणि मी काही तुझं नाव नुसतं काढून नाही घेतलं. बदल्यात उत्तम, संस्कृत, अर्थपूर्ण नाव दिलं. कांबिआरे! ही शुद्ध अदलाबदल झाली.

“मी मागितलं होतं?”

आता हिला काय सांगणार? लग्नात तबकात तांदूळ पसरतात आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नाव लिहायचं असतं. मुलीला विचारायची पद्धतच नाही. मी त्या काळात इतका आधुनिक की नाव मी स्वतः निवडलं होतं, आईला निवडू दिलं नव्हतं. आईला ‘गंगा’ हवं होतं. मी घरात वाद घालून ‘सुहासिनी’ आणलं. याचं श्रेय मला कोणी कधी दिलं नाही.

“आजपासून मला सुहासिनी म्हणून हाक मारलीत तर मी ओ देणार नाही,” ती म्हणाली. “मैना म्हणा.”

मी म्हटलं बघू.

१८ जानेवारी, बुधवार

ती खरंच ओ देत नाही. पण यातून एक वेगळाच शोध लागला, तो भाषाशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मी तिला सुहासिनी अशी हाक कधी मारतच नव्हतो! मी ‘अगं’ म्हणतो. फार तर ‘अगं ए’. पाहुणे असले तर ‘ऐकलंस का’. म्हणजे जे नाव मी भांडून आणलं ते मी लोकांशी बोलताना, रेशनकार्डावर आणि या डायरीत वापरलं. तिच्यावर कधीच नाही.

म्हणून मी आज ‘अगं’ म्हटलं. बाईसाहेब भाजी निवडत होत्या, मान वर केली नाही.

“अगं!”

“अगं कोण?” भाजीकडे बघत म्हणाली. “नाव घ्या.”

साधा शब्द आहे. दोन अक्षरं. जिभेवर आलासुद्धा होता. पण तोंडातून निघेना. माणूस इतक्या वर्षांचा संसार झाल्यावर आपल्याच बायकोला नव्या नावाने हाक मारतोय, हे किती पोरकट दिसेल! आणि शेजारी ऐकतात. आमच्या मजल्यावरच्या भिंती पापडासारख्या आहेत.

२० जानेवारी, शुक्रवार

सुहासिनी बॅग घेऊन वारज्याला हेमाकडे गेली. हेमा आमची मुलगी. तिचा आणि जावयाचा तिथे मोठा फ्लॅट आहे, मोठ्या सोसायटीत. “किती दिवस?” मी विचारलं. “जरा चेंज म्हणून जातेय,” म्हणाली. हे तिने मुद्दाम म्हटलं.

संध्याकाळी पोहे केले. पोहे भिजवायचे की धुवायचे यावर माझं स्पष्ट मत नव्हतं. झाले ते चमच्याला चिकटून राहिले.

२३ जानेवारी, सोमवार

ठरवलं की सराव करू. कॉलेजात पहिलं लेक्चर देण्याआधी मी आरशासमोर सराव करायचो, तसं. न्हाणीघरात गीझर चालू करून म्हटलं, “मैना.” आवाज बरा होता, पण सूर हजेरी घेतल्यासारखा. परत म्हटलं. मग गॅलरीत जाऊन म्हटलं, कारण उघड्यावर आवाज वेगळा लागतो. “मैना! मैना, इकडे ये!”

शेजारच्या सरोजिनीबाई त्यांच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. बाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत, तो स्वभाव अजून निवृत्त झालेला नाही. त्यांनी मान वाकडी करून बघितलं. दुपारी दार वाजलं. हातात पेरूच्या फोडी.

“सर, वहिनी नाहीत म्हणून पक्षी आणलात का? चांगलं केलंत. पण मिरची घालू नका हं त्याला, नुसता पेरू द्या.”

आभार मानले. पेरू मीच खाल्ला. जेवणाला तोच.

२५ जानेवारी, बुधवार

आज झालेला अपमान या घराण्याच्या इतिहासात झाला नसेल.

सुहासिनीच्या गुडघ्याचं तेल इथेच राहिलं होतं. ते द्यायचं निमित्त काढून बसने वारज्याला गेलो. हेमा आणि जावई ऑफिसात. सोसायटीच्या फाटकात वॉचमनने अडवलं. तिथे आधी वरती फोन लावून विचारतात आणि मगच सोडतात.

“कुनाकडं?”

“सौभाग्यवती सुहासिनी गद्रे. माझी बायको आहे. मुलीकडे आली आहे.”

त्याने फ्लॅट नंबर विचारून फोन लावला. “म्याडम, गद्रे सर आल्यात. सुहासिनीबाईंना भेटायचं म्हनत्यात.” मग थोडा वेळ नुसता ऐकत राहिला. फोन ठेवला. माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागला.

“म्याडम म्हनत्यात, या नावाचं हितं कुनी ऱ्हात न्हाई.”

“अहो, ती स्वतःच बोलत होती तुमच्याशी!”

“आसंल. पन नाव चुकतंय तुमचं, सर.”

“माझ्या बायकोचं नाव मला माहीत नाही का?”

“तेच म्हनतोय मी,” तो अगदी मायेने म्हणाला. “घरी जाऊन नीट इचारून या. घाई न्हाई.”

मागे एक गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मला म्हणता आलं असतं. तिथेच, त्या क्षणी, “मैना म्हणून सांगा” एवढं म्हटलं असतं तर वर गेलो असतो, चहा मिळाला असता. नाही म्हणालो. वॉचमनसमोर? कदापि नाही. तेलाची बाटली त्याच्याकडे दिली आणि परत बसस्टॉपवर आलो. तिथे उभं राहून मला रडू यायला लागलं. ते उन्हामुळे असावं.

२६ जानेवारी, गुरुवार

हेमाचा फोन. आधी हसली, वॉचमनची नक्कल करून दाखवली, मग रागावली.

“बाबा, एक शब्द म्हणायचाय. एक! तुम्ही लोकांना शब्दांवर भाषणं देता.”

“तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“कसलं तत्त्व? काल आईने इथे दिवसभर जेवण नाही केलं, माहितीये? तुम्ही परत गेलात ते खिडकीतून बघत होती. म्हणाली, बसमध्ये त्यांना बसायला जागा मिळाली असेल ना गं.”

मी विचारलं, “मग वर का नाही बोलावलं?”

“कारण तुम्ही ज्यांना भेटायला आला होतात त्या इथे राहत नाहीत,” हेमा म्हणाली आणि फोन ठेवून दिला. मुलगी आईवर गेली आहे.

३० जानेवारी, सोमवार

व्याख्यानाचं शेवटचं पान लिहायला घेतलं. ‘कांबिआरे’च्याही मागे गेलो. लॅटिनने तो शब्द बहुधा केल्टिक लोकांकडून उचलला आणि तिथे त्याच्या मुळाचा अर्थ वाकणं, वळणं, असा असावा.

वाकणं!

हे वाचून कोश मिटला. आमच्या घराण्यात मोडेन पण वाकणार नाही ही परंपरा आहे. आजोबा मोडले. वडील सख्ख्या भावाशी एका कुंपणावरून मरेपर्यंत बोलले नाहीत. मी त्यांचाच मुलगा. इंग्रजीसारख्या भाषेने एवढ्या महत्त्वाच्या शब्दासाठी असलं मूळ निवडावं, याचं वाईट वाटलं. शिवाय सगळं ‘बहुधा’ आणि ‘असावा’. कोशकारांची खात्री नाही. श्रोत्यांचा वेळ अंदाजांवर घालवू नये. हे पान गाळायचं ठरवलं.

घर फार मोठं वाटतं. संध्याकाळी दिवा लावायला कोणी नाही म्हणून मी लावतो, मग त्याच्यासमोर काय म्हणायचं ते आठवत नाही. मला करमत नाही. इथे लिहून ठेवतो, कारण सांगायला कोणी नाही. जिला सांगायचं ती वारज्याला आहे आणि तिथे राहत नाही.

४ फेब्रुवारी, शनिवार

आज व्याख्यान. शर्टला मी स्वतः इस्त्री केली. एका बाहीवर इस्त्रीचा आकार उमटला आहे. वरून जाकीट घालीन. हेमाला फोनवर विचारलं, आई येणार का? “मी कसं सांगू,” म्हणाली, “कोणाला बोलावताय त्यावर आहे.” दाढी करताना कापलं.

५ फेब्रुवारी, रविवार

कालचं आधी लिहितो, मग आजचं.

हॉल भरला होता. आज काही फुकट मिळणार नाही हे श्रीनिवासरावांनी कोणाला सांगितलेलं नसावं. सुहासिनी आली होती. तिसऱ्या रांगेत, हेमाच्या शेजारी, निळी साडी नेसून. माझ्याकडे बघत नव्हती. मी बोलायला सुरुवात केली.

पहिला अर्धा तास उत्तम झाला. तीळ-गूळ, अदलाबदल, बदल आणि मोबदला, लोक माना डोलावत होते. मग घात झाला. गाळायचं पान गाळायचं राहून गेलं होतं. मी वाचत सुटलेला, भानावर आलो तेव्हा “याचा मूळ अर्थ वाकणं” असं मोठ्याने म्हणून झालं होतं. कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. सगळे मला ओळखतात. श्रीनिवासराव तर डोळे पुसत होते.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. सरोजिनीबाई उभ्या राहिल्या.

“सर, बदल म्हणजे मुळात अदलाबदल, असं आपण म्हणालात. मान्य. मग लग्नात आमची नावं बदलली. आम्ही एक नाव दिलं, ठीक आहे. नवऱ्यांनी त्यांचं काय दिलं?”

पुरुष हसले. बायका हसल्या नाहीत. एकही नाही. मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. ती प्रथमच माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसती वाट बघत होती, गॅसवर काहीतरी ठेवून बघत बसतात तशी. माझ्याकडे उत्तराच्या चार तऱ्हा तयार होत्या. मी म्हटलं, “काही नाही दिलं.” आणि खाली बसलो. तीस वर्षांत वर्गात मी इतकं छोटं उत्तर दिलेलं नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. आपल्याकडे वक्त्याचा सत्कार सपत्नीक करतात. श्रीनिवासरावांनी शाल-श्रीफळ घेतलं आणि माइकवर म्हणाले, “सौ. सुहासिनीताईंनी व्यासपीठावर यावं.”

ती हलली नाही.

“सुहासिनीताई!” त्यांना वाटलं ऐकू गेलं नाही. “सौ. सुहासिनीताई गद्रे!”

माना वळायला लागल्या. पुढच्या रांगेतला एकजण म्हणाला, “अहो, वहिनींना चक्कर आली का?” हेमा जमिनीकडे बघत होती. श्रीनिवासराव शाल धरून उभे, आणि त्यांच्या मागे दारात योगवर्गाची माणसं चटया घेऊन ताटकळत. मला तिच्यासाठी भयंकर वाईट वाटलं. सगळ्या गावासमोर ती एकटी बसली होती, आणि तिला तिथून उठवू शकेल असा माणूस त्या हॉलमध्ये एकच होता.

मी उठलो. श्रीनिवासरावांच्या हातातला माइक घेतला.

“मैना,” मी म्हटलं.

आवाज बाहेर आलाच नाही. माइक बंद आहे की काय म्हणून मी त्यावर बोट मारलं. सगळा हॉल दणाणला. माइक चालू होता.

“मैना! ये ना गं वर. तुझ्याशिवाय मला नको ती शाल.”

“ओ!” ती म्हणाली.

काय खणखणीत ओ दिली! वाईच्या घाटावरून पोरी एकमेकींना देत असतील तशी. मग उठली, पदर सावरला आणि वर आली. श्रीनिवासराव गोंधळून माझ्या कानात म्हणाले, “सर, ही कोण मैना?” मी म्हटलं, माझी बायको. “आणि सुहासिनीताई?” मी म्हटलं, त्या इथे राहत नाहीत. सरोजिनीबाईंनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. मग माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, “म्हणजे पेरू तुम्ही खाल्लात!”

रिक्षाने निघालो. दांडेकर पुलाशी आल्यावर ती म्हणाली, “चांगलं बोललात.” मी म्हटलं, वाकायचं पान चुकून वाचलं गेलं. ती म्हणाली, “तेच चांगलं होतं.” मग रिक्षाबाहेर बघत म्हणाली, “आता बदल्यात मी काय द्यायचं?” मी म्हटलं, काही नको. ती म्हणाली, “असं कसं? चोरी होईल.”

आता आजचं.

सकाळी मी पेपर घेऊन बसलो होतो. ती गॅलरीत सरोजिनीबाईंशी बोलत होती. स्वयंपाकघरात दूध तापत होतं. तिकडून आवाज आला:

“दिगंबर, दूध वर येतंय, गॅस बंद कर!”

मी पेपर वाचत राहिलो. मला वाटलं, दिगंबर करील बंद.

मग लक्षात आलं. दिगंबर मी.

कॉलेजात मी गद्रे. पोरांचा मी सर. मंडळातही सर. पत्रिकेवर प्रा. दि. वि. गद्रे. हेमाचा बाबा. हिचा इतकी वर्षं ‘अहो’. आई गेली त्यानंतर मला दिगंबर म्हणणारं कोणी राहिलेलं नाही, आणि हे माझ्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. मला वाटत होतं ते नाव माझ्याजवळच आहे. मी तसाच बसून राहिलो. दूध फसफसून ओतू गेलं, ओट्यावरून खाली फरशीवर थेंब पडायला लागले ते मला ऐकू येत होते.

ती धावत आली. गॅस बंद केला, ओट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कमरेवर हात.

“ऐकू नाही आलं?”

“आलं,” मी म्हटलं. “पण परत एकदा म्हण.”

तिने म्हटलं. मग मी उठून फडकं घेतलं आणि ओटा पुसला.